बेटावरची बाग आणि पहिला पाऊस

माझ्या भाषणाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की हे गृहस्थ नुकतेच लक्षद्वीपला किंवा मॉरिशसला जाऊन आलेले दिसतात, आणि आता पंधरा मिनिटे आपल्याला प्रवासवर्णन ऐकावे लागणार. तशी भीती बाळगू नये. माझे राहणे ठाण्याला, नोकरी कल्याणच्या एका महाविद्यालयात, आणि बहीण दिली आहे डोंबिवलीला. याच्या पलीकडे माझा प्रवास फारसा जात नाही. बाग मात्र खरोखरच बेटावरची आहे.

वर्गात मी हे सांगितले की मुले हसतात. "सर, ठाणे बेट? मग होडी कुठंय?" मुलांची तरी काय चूक? पण ठाणे हे साष्टी बेटाच्या पूर्व काठावर वसलेले गाव आहे. साष्टी म्हणजे षट्षष्टी, सहासष्ट गावांचे बेट. वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतची सगळी उपनगरे याच बेटावर आहेत. पूर्वेला ठाण्याची खाडी. उत्तरेला उल्हास नदी, जी घोडबंदरावरून पुढे जाऊन वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. दक्षिणेकडची खाडी भर घालून बुजवली आणि मुंबई बेट साष्टीला जोडून घेतले, त्यामुळे आपल्याला या बेटपणाचा विसर पडला एवढेच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यालाच का थांबली, कल्याणला का गेली नाही, याचे उत्तर यातच आहे. पुढे पाणी होते. खाडीवर पूल झाला आणि मग १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोचली. मी इतिहास शिकवतो, म्हणून या तारखा तोंडात बसल्या आहेत. पण रोज सकाळी ठाणे सोडल्यावर गाडीच्या चाकांचा आवाज एकदम बदलतो ना, तेव्हा तारखांची काही गरज पडत नाही. बेट सुटले हे कानालाच कळते.

आमची इमारत चेंदणीच्या बाजूला, खाडीपासून फार लांब नाही. तीन मजली, जुनी. तळमजल्यावर आम्ही. मागे पंधरा-वीस हात रुंदीचा मोकळा पट्टा आणि त्याच्या कडेला एक विहीर. या विहिरीचे पाणी दिवाळीत गोड, होळीपर्यंत बरे, आणि मे महिन्यात इतके मचूळ, की त्याचा चहा केला तर दूध नासेल की काय अशी शंका यावी. याचे कारण साधे आहे. बेटाच्या पोटात पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे हलके, खारे जड. उन्हाळाभर उपसा झाला की वरचा गोडा थर पातळ होतो आणि खालचे खारे वर सरकते. तेच पाणी आपण झाडांना घालतो. मेच्या मध्याला जास्वंदीची पाने पाहावीत. कडा तपकिरी, विस्तवाजवळ धरल्यासारख्या. लोक म्हणतात, ऊन लागले. ऊन असतेच, पण त्यात मिठाचाही वाटा असतो. कुंडीच्या काठावर पांढरी साय धरलेली दिसते, ती त्याचीच.

अशा बागेत पाऊस येतो तो नुसते पाणी द्यायला नाही येत. वर्षभर साठलेले मीठ धुऊन न्यायला येतो. आणि धुणे म्हटले की घाण पाणी बाहेर जायला वाट हवी. बादलीत कपडे खळबळून तेच पाणी बादलीत ठेवले तर त्याला कोणी धुणे म्हणत नाही. इतकी उघड गोष्ट, पण मला ती पंचेचाळिशी गाठेपर्यंत कळली नव्हती, आणि कळली ती एका झाडाच्या जिवावर बेतल्यावर. तीच हकिकत आज सांगायची आहे.

बाग मूळची माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णा रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. जागा सोसायटीची, म्हणजे सर्वांची. पण मागच्या चिखलात उतरायची हौस दुसऱ्या कोणालाच नसल्यामुळे तो पट्टा आपोआप अण्णांचा झाला. दोन नारळ, केळी, पपया, न्हाणीच्या पाण्यावर अळू, भिंतीकडे अनंत आणि सोनटक्का, मधोमध आईने १९९१ साली लावलेला सोनचाफा. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडका, काकडी. याचा सगळा हिशेब अण्णा एका लांबट जमाखर्चाच्या वहीत ठेवीत. दर वर्षाला एक पान. भाषा तारेसारखी. "रोहिणी. आळी खणली. चर उपसला. केळीस टेकू. मृग: भेंडी, पडवळ. आर्द्रा: तेरडा विरळ केला. गोगलगायी ४३." गोगलगायीसुद्धा मोजून! हिशेबनीस माणूस, करणार काय.

शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो, रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेले असते. हत्ती, बेडूक, म्हैस असेल तर पाऊस चांगला. गाढव, कोल्हा असेल तर बेताचा. अण्णा ते वाहन मोठ्याने वाचून दाखवीत आणि वर म्हणत, "कशावरही बसून येऊ दे, आपलं काम तयार पाहिजे."

अण्णा २०२२ च्या हिवाळ्यात गेले. पुढचा पावसाळा माझ्या गळ्यात पडला. मी वही उघडली, तारखा काढल्या, आणि मृग लागताच बी-बियाणे घेऊन सज्ज झालो. २०२३ च्या त्या जूनमध्ये अरबी समुद्रात 'बिपरजॉय' नावाचे चक्रीवादळ उठले. ते गुजरातकडे निघून गेले. जाता जाता आमच्यावर वारा, धूळ आणि चार सरी टाकून गेले. त्या सरींना मी पाऊस समजलो. दुसऱ्याच दिवशी भेंडी टोकली, पडवळाच्या बिया लावल्या, आईला मोठ्या ऐटीत सांगितले, "मृगाचा मुहूर्त साधला." पुढे दहा-बारा दिवस आभाळ कोरडे. वादळामुळे मोसमी वाऱ्यांची वाटचाल खोळंबली होती. कोंब वर आले आणि माना टाकून गेले. खरा पाऊस आला २५ जूनला. त्या दिवशी तो मुंबईत आणि दिल्लीत एकदमच पोचला, आणि असे त्याआधी १९६१ साली झाले होते म्हणे. माझ्या भेंडीला या विक्रमाचा काही उपयोग नव्हता.

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकलो. पहिल्या सरीने माती वरवर काळी दिसते, वासही सुटतो, आणि माणूस फसतो. खुरपे घालून पाहावे. चार बोटे खाली माती ओली लागली आणि मुठीत धरल्यावर तिचा लाडू झाला, तरच बी टाकावे. शेतकऱ्यांनाही पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका असेच सांगतात. आपले अंगण म्हणजे काही शेत नव्हे, पण बी दोन्हीकडे सारखेच अडाणी असते. त्याला ओल लागली की ते उठते, पुढचा विचार करीत नाही.

आता सोनचाफ्याकडे येतो.

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पत्नी मागच्या वाटेवर शेवाळावरून घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. तीन महिने अंथरुणाला खिळून होत्या. हिवाळ्यात सभा भरली आणि मागचे सगळे अंगण सिमेंटच्या ठोकळ्यांनी, ज्यांना हल्ली पेव्हर ब्लॉक म्हणतात त्यांनी, बांधून काढायचे ठरले. मी त्या सभेला हजर होतो. ठरावाच्या बाजूने हात वर केलेल्यांत माझाही हात होता, हे आधीच सांगून टाकतो. नारळांना, चाफ्याला ठोकळ्यांमध्ये चौकोन सोडले. भिंतीकडेचा अरुंद वाफा माझ्यासाठी ठेवला. काम नीटनेटके झाले. चिखल गेला. आई मात्र खिडकीतून बघत म्हणाली, "अण्णांचा चर कुठं गेला रे?" मी म्हटले, "आता चर कशाला? सगळीकडे उतार दिलाय." उतार दिला होता ही गोष्ट खरी. तो कुठल्या दिशेने दिला होता हे मी पाहिले नव्हते.

पुढे मे २०२५. कल्याणच्या बाजारात पावसाच्या तोंडावर मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बाया शेवळे घेऊन बसतात. जांभळट तपकिरी, मक्याच्या कणसासारखा पण नाजूक कोंब. पाने फुटायच्या आधी जमिनीतून नुसता फुलोराच वर येतो, त्याची भाजी. घसा खाजतो म्हणून सोबत काकडाची आंबट फळे देतात. परीक्षेच्या कामासाठी मी सुटीतही कल्याणला जात होतो. त्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यापासूनच अवकाळी सरी पडत होत्या, आणि शेवळेही नेहमीपेक्षा आधी दिसू लागली. जुडी घेताना बाई म्हणाली, "यंदा लवकर निघाली, दादा. पाऊस बी लवकर." मी हसलो. माझ्या खिशात अण्णांच्या वहीतल्या तारखा होत्या ना! मृगाला अजून तीन आठवडे अवकाश होता.

२६ मे, सोमवार, मोसमी पाऊस मुंबई-ठाण्यात दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. गेल्या पाऊणशे वर्षांत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. कुलाब्याच्या वेधशाळेत त्या मे महिन्यातल्या पावसाने १९१८ सालचा विक्रम मोडला. आमच्याकडे आळी खणलेली नव्हती, केळीला टेकू नव्हता, नारळाच्या सुकलेल्या झावळ्या उतरवल्या नव्हत्या. सकाळी सातपासून जो सुरू झाला तो अकरापर्यंत थांबलाच नाही, आणि अकराच्या सुमारास मी मागच्या दारात उभा राहिलो तो काय, सगळ्या ठोकळ्यांवरचे पाणी शिस्तीने वाहत चाफ्याच्या चौकोनात येत होते. उतार तिकडे होता. अंगणातली सर्वांत खोल जागा म्हणजे चाफ्याचे आळे.

मला आनंद झाला, हे आज सांगताना ओशाळल्यासारखे होते. वाटले, बरे झाले, मीठ धुऊन निघेल.

पाणी दुपारपर्यंत हलले नाही. रात्री थोडे उतरले, सकाळी पुन्हा भरले. तिसऱ्या दिवशी पाऊस ओसरला आणि नंतर तर पंधरवडाभर त्याने पाठ फिरवली. ठोकळे कोरडे खणखणीत झाले. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात चाफा माना टाकू लागला. पाने मलूल, मग पिवळी. शेजारचे म्हणाले, पाऊस गेला, झाड तहानले असेल. मलाही तसेच वाटले. मी दोन दिवस त्याला दोन-दोन बादल्या पाणी घातले.

श्रोतेहो, बागेत माणसाच्या हातून जे अपराध होतात त्यांत हा सर्वांत साधा दिसणारा आणि सर्वांत वाईट. झाडाची मुळे श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. तिथे पाणी भरून राहिले की मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वरची पाने तहानल्यासारखी दिसतात. बुडणाऱ्या माणसाचे ओठ सुकलेले पाहून त्याच्या तोंडात तांब्या ओतावा, तसा हा प्रकार. सोनचाफा आणि पपई या दोघांना साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. पपया तर आमच्या त्याच आठवड्यात बुंध्याशी मऊ होऊन आडव्या झाल्या.

आईने तिसऱ्या बादलीला माझा हात धरला. "आधी खणून बघ," म्हणाली. आळ्यात खुरपे घातले, वीतभर खाली माती काळी पडलेली, आणि वास गटारासारखा. त्या संध्याकाळी मी अण्णांची वही पुन्हा काढली. आता तारखा वाचायच्या नव्हत्या. पाने उलटत गेलो तसे दिसू लागले, की पेरणीची तारीख दरवर्षी मागेपुढे झाली आहे, कधी एखादे बी लावलेच नाही, कधी गोगलगायी मोजल्या नाहीत. पण "चर उपसला" हे दोन शब्द चुकलेले एकही वर्ष नाही. बाकीच्या सगळ्या कामांच्या आधी, रोहिणीतच. आणि आणखी एक नोंद जागोजाग होती, तिचा अर्थ आम्हां दोघांनाही लागेना: "अमावास्या. बोळा." "पौर्णिमा. बोळा." आईला वाटे काही औषधपाणी असावे. मला तर तो देवधर्माचा प्रकार वाटला होता, आणि अण्णा आमच्यापासून लपवून काही करीत असतील याचे जरा आश्चर्यही.

चर उघडायचा म्हणजे ठोकळे उखडायचे. मी वर सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग इतकेच म्हणाले, "सर, माझ्या घरातलं माणूस तीन महिने पलंगावर होतं." आतल्या खोलीतून काठीचा आवाज येत होता. यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. झाडासाठी माणसाने पडावे असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार? मी खाली आलो. दोन दिवस गेले. आभाळ पुन्हा भरू लागले होते. पाऊस परतला आणि आळे आणखी एकदा भरले, की चाफा संपला हे उघड होते.

तिसऱ्या दिवशी आई वर गेली. ती काय बोलली मला माहीत नाही. सेक्रेटरींच्या पत्नीला रोज देवाला दोन चाफे आमच्याकडून जात, अगदी त्या अंथरुणावर होत्या तेव्हाही. बहुधा त्यावरूनच विषय निघाला असेल. संध्याकाळी सेक्रेटरीसाहेब स्वतः खाली आले, बॅटरी घेऊन अंगणात फिरले, भिंतीकडच्या ज्या बाजूने कोणी चालत नाही तिथे उभे राहिले आणि म्हणाले, "सहा ठोकळे. एका ओळीत. वर लोखंडी जाळी टाकायची. सातवा काढायचा नाही."

दुसऱ्या दिवशी मी आणि सुटीला आलेला माझा भाचा पहारीने कामाला लागलो. ठोकळ्यांखाली कच, कचाखाली खडी, आणि खडीखाली, श्रोतेहो, अण्णांचा चर जसाच्या तसा. तळाला मंगलोरी कौले उलटी मांडून पन्हळ केलेली. ती गाळाने भरली होती, पण फुटली नव्हती. चराच्या टोकाला कुंपणाच्या भिंतीत एक भोक होते, पलीकडे रस्त्याचे गटार. गवंड्याने ते भोक सिमेंटने लिंपून टाकले होते. भाच्याने छिन्नी घातली. आळ्यातले काळे पाणी आधी थेंबथेंब, मग करंगळीएवढ्या धारेने निघाले, आणि अर्ध्या तासाने आळ्याच्या तळाशी बुडबुडे येऊ लागले. भोकाच्या बाजूला भिंतीत एक खिळा होता आणि खिळ्याला सुतळीने बांधलेला, कुजून काळा पडलेला एक गोळा लटकत होता. नारळाची सोडणे फडक्यात गुंडाळून केलेला. हाच तो बोळा!

याचा उलगडा असा. आमच्याकडचे गटार खाडीत जाते. उधाणाची भरती असली की खाडी गटारात शिरते आणि भिंतीच्या भोकातून खारे पाणी बागेत येऊ शकते. उधाण येते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. म्हणून त्या दिवसांत भरतीच्या वेळेपुरता बोळा घालायचा आणि ओहोटी लागली की काढायचा. भरतीची वेळ काढायची रीत अण्णा चेंदणीच्या एका कोळ्याकडून शिकले होते, ती मला लहानपणी त्यांनी पाढ्यासारखी म्हणायला लावली होती, पण कशासाठी ते सांगितले नव्हते: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा वा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीच्या आत थोडी उशिरा धरायची. आता २६ मेचा दिवस आठवा. त्या दिवशी दुपारपासून अमावास्या लागत होती. सकाळी अकराच्या सुमारास, पाऊस धो धो चालू असताना, खाडीही तुडुंब होती. भोक उघडे असते तरी त्या तासादोनतासांत पाणी बाहेर गेलेच नसते. बेटावर पावसाचे पाणी काढून देण्याचे काम असे खाडीच्या सवडीने करावे लागते.

चाफा अर्धा गेला. उत्तरेकडच्या तीन फांद्या वाळल्या, त्या कापल्या आणि कापल्या जागी बोर्डो मलम लावले. ते घरी करता येते. शंभर ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटर पाण्यात, वेगवेगळे कालवून मग एकत्र करायचे. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे, लोखंडाचे बिलकूल नको. मिश्रणात सुरीचे पाते बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालावा. हेच औषध दहापट पातळ करून, म्हणजे लिटरभर पाण्याला दहा-दहा ग्रॅम, पाऊस जोरात सुरू होण्यापूर्वी नारळाच्या शेंड्यात फवारतात. चाफ्याला खत मात्र मी दिवाळीपर्यंत घातले नाही. आजाऱ्याला पक्वान्न देऊ नये. तसेही मुसळधार पावसात घातलेले खत झाडाला कमी आणि खाडीला जास्त मिळते.

ज्यांना अंगण नाही त्यांनाही हा हिशेब लागू आहे. डोंबिवलीला माझ्या बहिणीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बावीस कुंड्या आहेत. तिच्याकडे दोन्ही टोके पाहायला मिळतात. कठड्याबाहेर जाळीवर ठेवलेल्या कुंड्या पावसात बुडतात, आणि आतल्या बाजूला छपराखाली असलेल्या, बाहेर धो धो पाऊस चालू असताना, पाण्यावाचून वाळतात. कारण घरातल्या सर्वांची समजूत, की पाऊस पडतोय म्हणजे झाडांना पाणी मिळालेच. तिला मी दोन कामे लावून दिली आहेत. मेच्या शेवटी प्रत्येक कुंडी उचलून खालच्या भोकात काडी घालून पाहायची. बहुतेक भोके मुळांनी किंवा मातीने बुजलेली असतात. भोकावर एक खापरी पालथी ठेवली की माती अडते आणि पाणी जाते. दुसरे, कुंड्यांखालच्या बशा पावसाळाभर काढून ठेवायच्या. बशीत आठवडाभर पाणी राहिले की त्यात डास तयार होतात, आणि नाही म्हटले तरी खालच्या मजल्यावरच्यांशी भांडणाला तेवढे एक कारण कमी होते.

गोगलगायींबद्दल सांगायचे राहिले. आपल्याकडे पावसात भिंतीवर चढणारी मोठी शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. बेन्सन नावाच्या गोऱ्या साहेबाने १८४७ साली मॉरिशसहून ती कलकत्त्याला आणली आणि बागेत सोडली. शंखांचा शौक. त्या शौकाची किंमत आमची अळवाची पाने अजून चुकती करताहेत. तिच्यावर मीठ टाकण्याची पद्धत आहे. पण वर सांगितले तेवढे ऐकल्यावर आपण आपल्याच हाताने मातीत मीठ टाकणार नाही अशी आशा करतो. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी टाकावे. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचलाव्यात आणि साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. माझा पहिल्या वर्षीचा आकडा २९. अण्णांच्या जवळपासही नाही.

त्या पावसाळ्यात श्रावण कोरडाच गेला. म्हणजे पाऊस होता, चाफा नव्हता. सेक्रेटरींच्या घरी आम्ही तगर पाठवीत होतो. नवरात्राच्या सुमारास दक्षिणेकडच्या फांदीवर कोवळी पाने आली, तांबूस, लवलवीत, आणि त्यांच्या कडा जळलेल्या नव्हत्या. दिवाळीत सात फुले आली. चार वर गेली, तीन आमच्या देवाला.

चराची वही आता आई लिहिते. तिथीचा हिशेब तिचा पक्का आहे, माझ्यासारखी तिला बोटे मोजावी लागत नाहीत. अडचण एवढीच, की अमावास्या-पौर्णिमेला भरतीच्या वेळी मी नेमका कल्याणला वर्गावर असतो आणि तिला आता जाळी उचलवत नाही. त्यामुळे सकाळी साडेदहाला मला तिचा फोन येतो, "बोळ्याचं काय?" आणि मी वर्गाबाहेर येऊन आमच्या इमारतीत कोणाकोणाला फोन करीत बसतो. परवाच्या अमावास्येला कोणीच सापडेना. शेवटी सेक्रेटरीसाहेबांनीच खाली उतरून घातला. उलटा घातला होता. पण पाणी आत आले नाही.